टॉरीबर्नची लिलियस एडी (1704): चिखलातली शिळा आणि हरवलेली कवटी

मीठभाकर

स्कॉटलंडमधले चेटकिणींचे खटले म्हटले की गाडी थेट नॉर्थ बेरिकवर जाते. राजा जेम्स सहावा, डेन्मार्कहून येताना लागलेलं वादळ, 1590-91 ची धरपकड, तिथली आरोपी ॲग्नेस सॅम्पसन. त्यावर पुष्कळ लिहून झालंय. मी जिच्याबद्दल लिहितेय ती त्यानंतर शंभरेक वर्षांनी पकडली गेली, एका किरकोळ किनारी गावात, आणि तिच्यावर धड खटलाही उभा राहिला नाही. लिलियस एडी. गाव टॉरीबर्न, फाइफ परगणा, फोर्थच्या खाडीचा उत्तर किनारा. मी सध्या राहते तिथून जवळच.

थोडी पार्श्वभूमी. स्कॉटलंडच्या संसदेने 1563 साली चेटूक हा देहदंडाचा गुन्हा ठरवला. चेटूक करणाऱ्याला मरण, आणि चेटकिणीकडे सल्ला विचारायला जाणाऱ्यालाही मरण, असं कलम होतं. हा कायदा 1736 मध्ये रद्द झाला. एडिंबरा विद्यापीठाच्या सर्वेक्षणात या काळातल्या 3,837 आरोपींची नोंद सापडते, त्यात सुमारे 84 टक्के बायका. सगळ्यांचा शेवट माहीत नाही, पण मारले गेलेल्यांचा अंदाज अडीच हजारांच्या आसपास धरतात. त्या काळच्या स्कॉटलंडची लोकसंख्या जेमतेम दहा लाख होती हे लक्षात घ्या.

बहुतेक प्रकरणांची सुरुवात राजाकडून किंवा न्यायाधीशाकडून होत नसे. ती गावच्या चर्चच्या पंचांपुढे होई. पाद्री आणि गावातले वडीलधारे मिळून एक मंडळी असे, तिला कर्क सेशन म्हणत. रविवारी कोण चर्चला आलं नाही, कोणाचं कोणाशी सूत जुळलंय, कोणी कोणाला शिवी दिली, हे सगळं त्यांच्यापुढे यायचं आणि वहीत लिहिलं जायचं. टॉरीबर्नची 1704 ची ती नोंद टिकलीय, म्हणून आपल्याला लिलियस माहीत आहे.

प्रकरण पेटलं जीन बिझेट नावाच्या शेजारणीवरून. एका रात्री ती भ्रमिष्टासारखी ओरडू लागली की मला न्यायला आलेत, आणि त्यात ‘निळ्या बंडीतली लिली’ असं नाव घेतलं. साक्षींमध्ये बिझेटबाईंच्या पिण्याचाही उल्लेख येतो, पण त्याने काही फरक पडला नाही. लिलियस म्हातारी, गरीब, तब्येतीने खचलेली. तिला गावातच कोंडून ठेवलं आणि जुलैच्या शेवटापासून पंचांनी तिचे जबाब घ्यायला सुरुवात केली. चौकशी करणारे पाद्री ॲलन लोगन. या गृहस्थांची ख्याती अशी सांगतात की प्रभुभोजनाच्या (चर्चमधला भाकर-द्राक्षारसाचा विधी) वेळी ते मेजावरून नजर फिरवून एकदम गरजायचे, ‘ए चेटकिणी, देवाच्या ताटावरून ऊठ!’ आणि कुणीतरी बिचारी घाबरून उठून जायची.

लिलियसने कबुली दिली. सुगीचे दिवस होते, सूर्य मावळायच्या आधी सैतान शेताकडे भेटला, दुसऱ्या दिवशी पुन्हा ये म्हणाला, ती गेली. त्याने पेंढ्यांच्या कुडाशी नेऊन तिला बाप्तिस्मा नाकारायला लावला. एक हात तिच्या टाळूवर, एक तळपायावर ठेवून या दोन हातांमधलं सगळं सैतानाचं असं वदवून घेतलं. त्याने तिच्याशी संग केला. अंग गार, रंग काळपट-फिका, डोक्यावर हॅट, आणि तो निघाला तेव्हा दिसलं की पाय गोऱ्ह्याच्या खुरासारखे दुभंगलेले. त्याने देईन देईन म्हणून पुष्कळ काही कबूल केलं होतं, मिळालं काय तर दारिद्र्य आणि हाल.

हा सगळा मजकूर काही तिच्या डोक्यातून निघालेला नाही. टाळू-तळपाय, बाप्तिस्मा, गार अंग, खूर हे स्कॉटलंडभर कबुलीजबाबांत तेच ते येतं, कारण प्रश्न तेच ते विचारले जायचे. तिचं स्वतःचं जे वाटतं ते बारीकसारीक आहे. हे कधी घडलं, असं विचारल्यावर ती साल सांगत नाही. गावात दुसऱ्यांदा चेटकिणी जाळल्या त्याच्या आधी, असं सांगते. म्हणजे गावाचं पंचांगच ते!

आणि मला ज्यासाठी हा धागा काढावासा वाटला ती गोष्ट पुढे आहे. पंचांना हवी होती नावं. एका कबुलीतून दहा अटका निघायच्या, यंत्रणा चालायची ती त्यावर. लिलियस सांगते की चांदण्या रात्री नाच झाला, वीस-तीस जण होते, आणि त्यातलं आज माझ्याखेरीज कोणीच जिवंत नाही. अलीकडच्या बैठकीला सोळा-अठरा जण होते, पण काय करणार, बाकीच्यांनी बड्या घरच्या बायकांसारखे मुखवटे घातले होते, ओळखू आलं नाही. उजेड होता म्हणाल तर निळसर, मेणबत्तीपेक्षाही मंद.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं आणि लगेच अंगावर काटा आला. कोंडलेली, झोपू न दिलेली म्हातारी, आणि ती या शिकल्यासवरल्या माणसांना अंधुक उजेड आणि मुखवटे यांच्या पलीकडे जाऊच देत नाहीये.

ऑगस्टअखेर ती कोठडीतच मेली. हालांमुळे, वयामुळे की तिने स्वतःच जीव दिला, नोंद सांगत नाही. अभ्यासकांचा कल आत्महत्येकडे आहे. चर्चच्या आवारात जागा मिळणं शक्यच नव्हतं. भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्यात, जो ना धड जमीन ना धड समुद्र, तिथल्या चिखलात खड्डा खणून तिला लाकडी पेटीसह पुरलं आणि वर अर्ध्या टनाच्या आसपासची सपाट शिळा ठेवली. मेलेल्या चेटकिणीच्या देहात सैतान शिरून तो उठवतो अशी भीती होती. दोषी ठरलेल्यांना जाळलं जाई, राख राही. त्यामुळे चेटकिणीचा आळ आलेल्या बाईची स्कॉटलंडमध्ये ठाऊक असलेली कबर ही एवढीच.

पुढचा भाग मला जास्त चीड आणतो. 1852 मध्ये डनफर्मलाइनचे जोसेफ नील पेटन (चित्रकार जोसेफ नोएल पेटन यांचे वडील) यांच्या जुन्या वस्तूंच्या संग्रहासाठी ही कबर उकरली गेली. कवटीच्या उंचवट्यांवरून स्वभाव ओळखण्याचं तेव्हा फॅड होतं. कवटी त्यांच्याकडे गेली, तिथून पुढे सेंट अँड्र्यूज विद्यापीठाच्या संग्रहालयात. पेटीच्या लाकडाची एक हातकाठी झाली, ती अँड्र्यू कार्नेगींसाठी. हो, तेच ते पोलादवाले, जन्म डनफर्मलाइनचा. कवटी 1938 च्या ग्लासगोच्या साम्राज्य प्रदर्शनात मांडली होती आणि त्यानंतर तिचा पत्ता नाही. मारणारे निदान घाबरलेले तरी होते, हे लोक मजेत होते.

2014 मध्ये फाइफचे पुरातत्त्वज्ञ डग्लस स्पीअर्स यांनी एकोणिसाव्या शतकातल्या वर्णनांवरून ओहोटीच्या वेळी ती शिळा पुन्हा शोधून काढली. कवटीचे जुने फोटो स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयात होते. त्यावरून 2017 मध्ये डंडी विद्यापीठाच्या क्रिस्टोफर रिन यांनी तिचा चेहरा संगणकावर उभा केला. शोधून बघा. पुढचे दात जरा बाहेर आलेले, सुरकुतलेली, कोणाच्याही आळीत दिसेल अशी आजी.

---

खडीसाखर

बाप रे. लेख आवडला असं तरी कसं म्हणू. एक शंका: कबुली मिळालीच होती तर मेल्यावर जाळलं का नाही? शिळा वाहून आणण्यापेक्षा ते सोपं नसतं का?

---

मीठभाकर

खडीसाखर, जाळायला शिक्षा लागते, शिक्षेला खटला लागतो. पंचांना चौकशीचा अधिकार होता, मृत्युदंडाचा नव्हता; त्यासाठी एडिंबरामधून परवाना आणावा लागे. ती त्याआधीच गेली. आणि जाळणं स्वस्त नव्हतं. याच फाइफमधल्या कर्कॉल्डीला 1633 साली एका नवरा-बायकोला, विल्यम कोक आणि ॲलिसन डिक यांना जाळलं, त्याचा खर्चाचा कागद उपलब्ध आहे. दहा ओझी कोळसा, डांबराचं पिंप, दोर, जल्लादाला आणायला गेलेल्या माणसाचे पैसे. नगरपालिका आणि चर्च यांनी वाटून घेतलेला खर्च आहे तो. लग्नाच्या यादीसारखा टापटीप लिहिलाय.

आणि जिवंत जाळणं अपवादानेच. आधी खांबाला बांधून गळा आवळायचे, मग आग.

---

निद्रानाश

मी पेशाने डॉक्टर, म्हणून झोपेबद्दल दोन शब्द. 24 तास सलग जागलेल्या माणसाची प्रतिक्रिया देण्याची क्षमता रक्तात 0.10 टक्के अल्कोहोल असल्यासारखी घसरते. गाडी चालवायला बहुतेक देश परवानगी देणार नाहीत इतकी. दोन-तीन दिवसांनंतर मेंदू उघड्या डोळ्यांनी काही सेकंद झोपून घेतो, आणि त्या तुकड्यांत स्वप्न आणि समोरचा माणूस यांची सरमिसळ होते. कोपऱ्यात कोणी उभं आहे असं वाटणं अगदी नेहमीचं. त्यात समोरचा विचारतोय, ‘त्याचे पाय कसे होते?’

म्हणजे लिलियस खोटं बोलत होती की भ्रमात होती, हा प्रश्न कदाचित इतका सरळ नाही. सत्तरीची, उपाशी, जागी ठेवलेली बाई तिसऱ्या दिवशी खरंच काहीतरी बघत असेल. मग ते मुखवटे चातुर्य म्हणायचे, की झोपेच्या अभावाने चेहरे ओळखता न येणं?

---

मीठभाकर

डॉक्टर, हा विचार मला झोंबला खरा. तरीही माझं मत चातुर्याकडेच झुकतं. चेहरे पुसट झाले असते तर मेलेल्यांचेही पुसट झाले असते. तिला कोण जिवंत आणि कोण मेलेलं हे बरोबर आठवतंय. (वय मात्र नोंदीत नाही, साठीच्या पुढची असावी असं धरतात.)

आणि एक भीषण गोष्ट. छळासाठी स्कॉटलंडमध्ये राजाच्या मंत्रिमंडळाची परवानगी लागत असे. पण जागं ठेवणं हा छळ धरतच नसत. पहारा धरत. गावातली माणसं पाळीपाळीने बसत. छळ कायद्याने बंद झाला 1708 मध्ये, चार वर्षांनी.

---

खडूस_आजोबा

युरोपात चर्चने नव्वद लाख बायका जाळल्या, सगळ्या सुईणी आणि झाडपाला देणाऱ्या. वैद्यकी पुरुषांच्या हातात यावी म्हणून केलेला हा कट. हे मूळ कारण लेखात यायला हवं होतं.

---

मीठभाकर

आजोबा, राग मानू नका, पण नव्वद लाख हा आकडा अठराव्या शतकात कोणीतरी मोजक्या नोंदींवरून गुणाकार करून काढला आणि तो फिरतच राहिला. आज इतिहासकार संपूर्ण युरोपासाठी 40 ते 60 हजार देहदंड धरतात. सुईणींचंही तसंच. स्कॉटलंडच्या नोंदींत सुईणी बोटांवर मोजण्याइतक्या, औषधपाणी करणाऱ्याही थोड्याच. ज्यांची वैवाहिक स्थिती लिहिलीय त्यांत बहुसंख्य नवरा असलेल्या बायका आहेत. बहुतेक वेळा आग लागते ती शेजारच्या भांडणातून. उसनं मागितलं, दिलं नाही, ती पुटपुटत गेली, आठवड्याने गाय आजारी पडली.

कट असता तर बरं झालं असतं, कट करणारे पकडता येतात.

---

भोचक

लेख छान, पण एक खटकलं. नावं दिली नाहीत असा सूर लावलाय. नोंदीत ॲग्नेस करी आणि एल्स्पेथ विल्यमसन यांची नावं तिच्या तोंडी स्पष्ट आहेत, आणि त्या दोघी जिवंत होत्या. त्यांचीही चौकशी झाली. मग हे हौतात्म्य जरा जास्त होत नाही का? आजच्या काळाला हवी तशी नायिका आपण त्या काळातून उचलून आणतो.

---

मीठभाकर

भोचक, नाव सार्थ केलंत :) दोन नावं आहेत, बरोबर. ती मी लेखात घेतली नाहीत कारण त्यांच्याबद्दल गावात आधीच कुजबुज होती, पंचांना नवं काही हाती लागलं नाही. सोळा-अठरांतून दोन, तीसमधून शून्य. हौतात्म्य हा शब्द मी वापरलेला नाही. तिने महिनाभर किल्ला लढवला आणि दोन बुरूज पडले, असं म्हणा हवं तर. नायिका बिनडागाचीच हवी, हा आग्रह मला तरी नाही.

---

भोचक

हे पटलं. पण पंचांनी लिहिलं तेवढंच आपल्यापर्यंत आलंय. तिने आणखी दहा नावं घेतली असतील आणि ती बड्या घरची निघाली म्हणून कारकुनाने ‘मुखवटे’ लिहिलं असेल, ही शक्यता सोडू नका. बड्या घरच्या बायकांसारखे मुखवटे, हे शब्द मला तिथेच घेऊन जातात.

---

खडीसाखर

भोचक यांनी एकदम वेगळीच खिडकी उघडली. याला उत्तर आहे का कोणाकडे?

---

पाटीपेन्सिल

उत्तर नाही, पण त्याच साली, त्याच फाइफमध्ये जे झालं ते इथे टाकतो, कारण त्यावरून टॉरीबर्नचे लोक कुठल्या हवेत श्वास घेत होते ते कळेल.

पिटनवीम, मासेमारीचं बंदर. लोहाराच्या घरचा पॅट्रिक मॉर्टन, वय 16. बिएट्रिक्स लेंग नावाच्या बाईने खिळे करून मागितले, तो म्हणाला हातात दुसरं काम आहे. ती चिडून गेली. मग याच्या हातापायातली ताकद गेली, झटके येऊ लागले, आणि याने नावं घ्यायला सुरुवात केली. बिएट्रिक्सला पाच दिवस-रात्र झोपू दिलं नाही, अंगात सुया टोचल्या. तिने कबूल केलं, मग सांगितलं की ते खोटं होतं, की पुन्हा हाल. आरोपींपैकी टॉमस ब्राउन नावाचा एक माणूस कोठडीतच उपासमारीने मेला. शेवटी एडिंबराच्या वरिष्ठांनी हात आखडता घेतला, पोराचं सोंग उघडं पडलं, बायका सुटल्या.

गावाला ते मान्य नव्हतं. जॅनेट कॉर्नफूट पळून गेली होती, तिला पकडून परत आणलं. 30 जानेवारी 1705 च्या रात्री जमावाने तिला ओढत किनाऱ्यावर नेलं, जहाजापासून किनाऱ्यापर्यंत दोर बांधून त्याला टांगून दगड मारले, खाली उतरवून बदडलं, मग अंगावर दरवाजा टाकून त्यावर धोंडे रचले. खात्री करायला वरून घोडा आणि घसरगाडी फिरवली. पाद्री पॅट्रिक काउपर यांनी थांबवण्यासाठी बोट उचललं नाही. कोणालाही शिक्षा झाली नाही.

हे सगळं 1704-05 मध्ये. न्यूटनचा प्रकाशावरचा ग्रंथ याच 1704 साली छापून आला.

---

रानजाई

वाचताना घशात आवंढा आला. आमच्याकडे सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याच्या बाजूला, डाकीण म्हणून बाईवर आळ घेतला जातो तो अजून पुरता संपलेला नाही. क्रम तोच: पोर आजारी, ढोर मेलं, मग बोट एका बाईकडे. खूपदा तिच्या नावावर जमिनीचा तुकडा असतो. जास्त लिहीत नाही, धागा स्कॉटलंडचा आहे.

---

वकिलीणबाई

रानजाई, त्याला जोडूनच लिहिते, कारण इथे एक खरा दुवा आहे.

1736 मध्ये अमलात आलेल्या ब्रिटिश कायद्याने बाजूच उलटवली. चेटूक करणं हा गुन्हा राहिला नाही. मला चेटूक येतं असं भासवणं, हा गुन्हा झाला, शिक्षा एक वर्षाचा तुरुंगवास. महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा याच जातीचा आहे. तो जादू खरी मानत नाही. अमुक व्यक्ती करणी करते, मंत्रतंत्राने जनावरांचं दूध आटवते, असं सांगून तिचं जगणं कठीण करणाऱ्यावर तो बोट ठेवतो. सहा महिने ते सात वर्षं कैद, पाच ते पन्नास हजार दंड. अनुसूचीतली ती दूध आटवण्याची ओळ वाचाच. स्कॉटलंडच्या खटल्यांत गाईचं दूध आटल्याची तक्रार पानोपानी आहे. तिथे ती बाईविरुद्धचा पुरावा होती, इथे ती तक्रार पसरवणाराच आरोपी.

आता स्कॉटलंडच्या आजच्या घडामोडीबद्दल. 8 मार्च 2022 ला तेव्हाच्या फर्स्ट मिनिस्टर (स्कॉटलंडच्या सरकारप्रमुख) निकोला स्टर्जन यांनी संसदेत सरकारतर्फे औपचारिक माफी मागितली, त्याच मे महिन्यात चर्चनेही. मोहीम चालवणाऱ्यांची मागणी याच्या पुढची होती: शिक्षा झालेल्यांना कायद्याने निर्दोष ठरवा. पण मीठभाकर, तुमच्या लिलियसला त्याचा काडीचा उपयोग नाही. जिला दोषी ठरवलंच नाही तिचा कुठला निकाल पुसणार? जॅनेट कॉर्नफूटचंही तेच. कोठडीत मेलेले, जमावाने मारलेले, जबाब देऊन सुटलेले आणि मग आयुष्यभर वाळीत राहिलेले, हे सगळे त्या यादीबाहेरच राहतात.

---

खडूस_आजोबा

वकिलीणबाई, मग सरकारने माफी मागून काय साधलं? तीनशे वर्षांनी कोण ऐकतंय?

---

वकिलीणबाई

आजोबा, मेलेल्यांसाठी काही नाही. जिवंत सरकारने आपल्याच जुन्या कायद्याला अन्याय म्हटलं, तेवढंच. कायद्याच्या पुस्तकात त्याला किंमत शून्य, पण नंदुरबारच्या एखाद्या सरपंचाने असं म्हटलं तर रानजाईंना विचारा त्याची किंमत.

---

मीठभाकर

वकिलीणबाई, निकालच नाही तर पुसणार काय, हा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. म्हणूनच बहुधा इथल्या लोकांनी हाडांचा विषय धरलाय. 2019 मध्ये फाइफच्या कौन्सिलकडून जाहीर आवाहन झालं की लिलियसची कवटी आणि बाकीचे अवशेष कोणाच्या माळ्यावर, कुठल्या संग्रहात असतील तर परत करा. 31 ऑगस्टला, तिच्या मृत्यूला 315 वर्षं झाली तेव्हा, टॉरीबर्नच्या किनाऱ्यावर माणसं जमली, फुलं वाहिली. किनाऱ्याच्या पायवाटेवर आता कलरॉस, व्हॅलीफील्ड आणि टॉरीबर्न अशा तीन ठिकाणी या बायकांच्या स्मरणार्थ धातूच्या चकत्या बसवल्या आहेत.

भोचक, तुमच्या कारकुनाच्या तर्काला माझ्याकडे खोडून काढणारं काही नाही. फक्त एवढंच की ती नोंद लोगन यांच्या नजरेखालून गेलेली आहे, आणि हा माणूस भर चर्चमध्ये बोट दाखवणारा. तो कोणाला झाकेल असं वाटत नाही. पण बोट दाखवलेल्या बायका कोण होत्या, तर गरीब. त्यामुळे गुंता कायम.

ज्यांनी व्यक्तिगत निरोप पाठवून विचारलं त्यांच्यासाठी: एडिंबराहून डनफर्मलाइनपर्यंत ट्रेन, पुढे बस. ओहोटीचं वेळापत्रक बघून या. शिळेपर्यंत जाऊ नका, चिखल गुडघाभर आहे आणि पाणी येतं ते झपाट्याने. काठावरच्या वाटेवरून बघा. भरतीला काहीच दिसत नाही.

---

निद्रानाश

ती हातकाठी कुठे आहे हो सध्या?

---

मीठभाकर

डॉक्टर, डनफर्मलाइनला कार्नेगींचं जन्मघर आता संग्रहालय आहे. पुढच्या महिन्यात तिथे जाणार आहे, तेव्हा चौकशी करते आणि इथेच लिहिते.